चारशे बारा पिवळ्या चिठ्ठ्या

द्वारकाबाईंचा फोन आला तेव्हा अंबिका एका प्रिंटरमध्ये कोपरापर्यंत हात घालून अडकलेला कागद ओढत होती. फोन खांद्यानं कानाशी धरून तिनं सगळं ऐकून घेतलं. कॉम्प्युटरवर पिवळ्या चिठ्ठ्यांचा एक प्रोग्रॅम आहे, तो कॉम्प्युटरसोबतच आलेला आहे, आणि कालपासून तो उघडतच नाही, असं बाई सांगत होत्या. आज शुक्रवार. रविवारी वधू-वर मेळावा आहे. आणि जे काही आहे ते त्या चिठ्ठ्यांतच आहे.

पत्ता गारखेड्याचा निघाला, आणि तो ऐकताच अंबिकाच्या लक्षात आलं की हे घर आपण पाहिलंय.

तीन वर्षांपूर्वी तिचे वडील सूर्यभान कन्नडजवळच्या वस्तीवरून जीपनं आले होते आणि तिला घेऊन त्या घरी गेले होते. द्वारकाबाई वधू-वर सूचक केंद्र चालवायच्या. सूर्यभाननं फॉर्म भरला, फोटो दिला. बाई अंबिकाशी अर्धा तास बोलत बसल्या, चहा दिला, आणि त्यानंतर त्यांचा एकदाही फोन आला नाही. पहिलं वर्षभर सूर्यभान दर आठवडी बाजाराच्या दिवशी तिला फोन करून काही कळलं का म्हणून विचारायचे. मग त्यांनी विचारणं सोडलं. अंबिकानं मनाशी हिशेब केला होता तो असा, की मेंढरांमागं वाढलेली, एकतिशीला आलेली, मुकुंदवाडीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकून बसलेली पोरगी कोणाला हवी असणार? बाईंनी आपला फॉर्म फायलीच्या तळाशी टाकून दिला असणार. याचा तिला राग होता. रोज आठवावं असा नव्हता, पण होता.

जाऊ नये असं तिला क्षणभर वाटलं. पण गिऱ्हाइकाला नाही म्हणायची तिला सवय नव्हती. प्रिंटरचा कागद निघाला तसं तिनं शटर अर्धं ओढलं, पिशवीत लॅपटॉप आणि हार्ड डिस्क टाकली आणि स्कूटी काढली.

दार काकासाहेबांनी उघडलं. ते द्वारकाबाईंचे यजमान. सिल्लोडकडची शेती भावाच्या हवाली करून त्यांनी सगळी नोकरी शहरात केली होती आणि आता निवृत्त होऊन दिवसभर फोनवर कुस्त्या बघत होते. बाई समोरच्या खोलीतच टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी अंबिकाकडे निरखून पाहिलं आणि तुला कुठंतरी पाहिलंय म्हणाल्या. अंबिका म्हणाली, मुकुंदवाडीत दुकान आहे, येताजाता दिसले असेन. एवढं बोलून ती खुर्ची ओढून कामाला लागली.

ती काम करत असताना बाईंनी तिला चिठ्ठ्यांचं प्रकरण समजावून सांगितलं. त्या तीस वर्षं शिवणक्लास चालवत होत्या. ब्लाऊजचं माप घेताना बाई माणूस खरं बोलतं, असा त्यांचा अनुभव. त्यातूनच लग्नं जुळवायचा नाद लागला. फॉर्ममध्ये लोक उंची, शिक्षण, पगार लिहितात, पण त्यावरून माणूस कळत नाही. म्हणून कोणी भेटून गेलं की त्या लगेच कॉम्प्युटरवर एक पिवळी चिठ्ठी उघडून जे खरं दिसलं ते लिहून ठेवायच्या. अशा चारशे बारा चिठ्ठ्या झाल्या होत्या. मेळाव्यात कोणाला कोणाशेजारी बसवायचं, कोणाच्या मामाला लांब ठेवायचं, हे सगळं त्यावरून ठरायचं. पाठ काहीच नव्हतं. लिहिलंय म्हटल्यावर पाठ करतंय कोण, असं त्या म्हणाल्या आणि बोलता बोलता पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

अंबिकानं चिठ्ठ्यांच्या चित्रावर टिचकी मारली. एक पिवळा चौकोन पापणी लवावी तसा दिसला आणि गेला. पुन्हा मारली. तेच. तिनं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तेच. मग ती सेटिंगमध्ये शिरली, तिथं त्या प्रोग्रॅमचं पान काढलं. पानावर खाली दोन बटणं होती. एकावर रिपेअर लिहिलेलं, दुसऱ्यावर रीसेट.

काकासाहेब मागून म्हणाले की हे दुसरं बटण त्यांना ठाऊक आहे. रात्री त्यांनी यावरचा एक व्हिडिओ पाहिला होता. त्यातला माणूस म्हणत होता, रीसेट दाबा, एका मिनिटात प्रोग्रॅम उघडतो. ते दाबणारच होते, पण चष्मा सापडला नाही म्हणून राहिलं.

अंबिकानं माऊसवरचा हात काढून घेतला आणि त्यांच्याकडे वळली.

"काका, ते बटण दाबलं असतं तर प्रोग्रॅम उघडला असता. पण कोरा. चारशे बारातली एक चिठ्ठी राहिली नसती."

मग काकासाहेबांनी खिशातला चष्मा काढला, पाहिला, आणि परत ठेवून दिला. द्वारकाबाईंनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून आता हे गृहस्थ या कॉम्प्युटरला परत हात लावणार नाहीत हे स्पष्ट झालं.

अंबिकानं समजावलं, की प्रोग्रॅम म्हणजे नुसतं कपाट. चिठ्ठ्या आत वेगळ्या फायलीत असतात. कपाटाचं दार अडकलंय म्हणून कपाट जाळायचं नसतं. आधी आतला माल बाहेर काढून ठेवायचा, मग दाराशी काय ती झटापट करायची. तिनं ती फाईल शोधून काढली, तिच्याशेजारच्या दोन लहान फायलींसकट हार्ड डिस्कवर उचलून ठेवली आणि मग रिपेअर दाबलं. पडद्यावरचं चक्र गोल फिरत राहिलं. फिरून फिरून थांबलं आणि खाली एक ओळ आली की कॉम्प्युटरच्या डिस्कवर जागा शिल्लक नाही.

ती ओळ वाचून अंबिकाला हायसं वाटलं. दुखणं नक्की कुठं आहे ते कळलं होतं. पण बाईंचा जीव चिठ्ठ्यांत अडकला होता. आधी त्या जिवंत आहेत का ते बघ, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणायला लागल्या. म्हणून तिनं उचललेली फाईल स्वतःच्या लॅपटॉपवर उघडली. आधी नुसती अगम्य अक्षरं आणि आकडे दिसले, आणि मग त्यांच्या मधे मधे स्वच्छ मराठीत ओळी.

बाईंचा चष्मा त्या बारीक अक्षरांना पुरेना. म्हणाल्या, तूच वाच, म्हणजे माझं समाधान होईल. इथलं बाहेर बोलू नको म्हणजे झालं. अंबिकानं वाचायला सुरुवात केली.

"सार्थक, सिल्लोड. मुलगा गुणी. प्रश्न मुलाला विचारला की उत्तर आई देते. आईला दुसऱ्या खोलीत चहा द्यावा."

"व्हय, व्हय, ती बाई," बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसल्या.

पुढची प्रेरणाची होती. तिच्या घरचे उंची दोन इंच वाढवून सांगतात, पण जे स्थळ मनात आहे तेही दोन इंच वाढवूनच सांगतात, तेव्हा जोडा बरोबर बसेल, असं लिहिलं होतं. त्यापुढची राजनंदिनीची. मुलगी लई वाचते, पाहायला आलेल्या मुलाला शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं हे विचारणारच, मुलाला आधी सांगून ठेवावं. त्याखाली बाईंनीच पुन्हा लिहिलं होतं, नको, सांगू नये. सत्यम नावाच्या मुलाची चिठ्ठी एवढीच होती, की टोपी काढली तर बरा दिसतो, कोणीतरी सांगायला पाहिजे.

अंबिकाला हसू आवरेना. काकासाहेबही दाराशी उभे राहून हसायला लागले. तीन वर्षं जिच्यावर राग धरला ती बाई अशी बारकाईनं माणसं बघते, हे तिला नवीन होतं. ती भराभर वाचत खाली खाली जात राहिली आणि एका ओळीशी थांबली.

ओळ तिच्याच नावाची होती. ती तिनं मनातल्या मनात वाचली.

अंबिका सूर्यभान. कन्नडजवळची. मुकुंदवाडीत स्वतःचं दुकान. लग्नाची घाई बापाला, पोरीला नाही. दुकानाचं विचारलं तसा हिचा आवाजच बदलला. आतापर्यंत आठ स्थळं आली. आठही जणांनी लग्नानंतर दुकान बंद करायची अट घातली. एकालाही नंबर दिला नाही. बापाला सांगू नये, त्याच्या मनाला लागेल.

"थांबली का? अक्षरं गेली का काय?" बाईंनी घाबरून विचारलं.

"अक्षरं हायत," अंबिका म्हणाली. "ही माझी चिठ्ठी हाय, काकू."

मग तिनं ती मोठ्यानं वाचून दाखवली. आठ. तिला वाटत होतं एकही नाही. तीन वर्षं ती स्वतःबद्दल जे समजून बसली होती, ते तिच्या स्वतःच्याच डोक्यातून निघालेलं होतं, आणि इथं कोणीतरी तिचं दुकान पदराखाली दिवा धरावा तसं राखत बसलं होतं. तिला एकदम हलकं वाटलं. आणि त्या हलकेपणात थोडा रागही उरलेला होता. तोही तिनं लपवला नाही.

"तुम्ही केलं ते बरोबरच केलं," ती म्हणाली. "पण एकदा मला विचारायचं होतं. नाय म्हणता मला पण येतं. मला वाटलं, कुणी आलंच नाय."

द्वारकाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. आता त्यांना ती पुरती आठवली होती. बापाशेजारी बसलेली, विचारलं तेवढंच बोलणारी, आणि दुकानाचा विषय निघाल्यावर न थांबणारी. त्या म्हणाल्या की चूक झाली. मुलीला त्रास नको म्हणून त्या गप्प राहिल्या. गप्प राहण्याचाही त्रास होतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. तीस वर्षं बायकांची मापं घेतली, पण एकीलाही न विचारता कापड कापलं नव्हतं. इथं मात्र कापलं.

नंतर त्या उठून आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. सोबत गूळशेंगदाण्याची चिक्की. चहा पिताना त्या म्हणाल्या की आता विचारतेच. एक नववं स्थळ आहे. महिनाभरापूर्वी आलंय. मुलगा अजिनाथ, लासूर स्टेशनला जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. घरची मेंढरं आहेत. अंबिकाचा फॉर्म पाहून त्यानं एवढंच विचारलं होतं, की दुकान मुकुंदवाडीत आहे आणि दवाखाना लासूरला, तर घर मुकुंदवाडीत करून त्यानं रोज पॅसेंजरनं ये-जा केली तर मुलीकडच्यांना चालेल का?

"मला हे ऐकून खरंच वाटेना," बाई म्हणाल्या. "म्हटलं, मेळाव्यात डोळ्यांनी बघू आणि मग तुझ्या बापाला फोन करू. आता तूच सांग. नंबर देऊ का नको?"

अंबिकानं चिक्कीचा तुकडा तोंडात टाकला आणि तो संपेपर्यंत विचार केला. मग म्हणाली की नंबर नको, रविवारी मीच येते. समोरासमोर बोलते.

इकडे कॉम्प्युटरचं काम बाकीच होतं. जागा कशानं भरली ते तिनं शोधायला घेतलं आणि दोन मिनिटांत सापडलं. एका फोल्डरमध्ये कुस्त्यांचे सहाशेहून जास्त व्हिडिओ होते. काकासाहेबांचा कडुबा नावाचा मित्र जिल्ह्यातल्या प्रत्येक जत्रेतली दंगल फोनवर चित्रित करून पाठवायचा. फोन भरला की काकासाहेब तो कॉम्प्युटरला जोडून सगळं आत ओतायचे. मागच्या वेळी काय ओतलं हे त्यांच्या लक्षात राहत नसल्यामुळे दर वेळी सगळंच पुन्हा ओतायचे. एकच कुस्ती सात-सात वेळा होती. चिठ्ठ्यांना श्वास घ्यायलाही जागा उरली नव्हती.

द्वारकाबाईंनी खुर्ची फिरवून यजमानांकडे तोंड केलं. काकासाहेब खालच्या आवाजात म्हणाले की जास्तीच्या काढून टाक, पण कन्नडच्या जत्रेतली शेवटची कुस्ती ठेव, ती निकाली आहे. अंबिकानं प्रत्येक कुस्तीची एक प्रत हार्ड डिस्कवर घेतली, बाकीच्या पुसल्या आणि त्यांना बजावलं की ही डिस्क आता तुमची, कॉम्प्युटर काकूंचा.

कॉम्प्युटरमधली जागा दाखवणारी, लाल झालेली पट्टी निळी झाली. तिनं पुन्हा रिपेअर दाबलं. या वेळी गोल फिरलं, थांबलं, आणि बाजूला बरोबरची खूण आली. मग चिठ्ठ्यांच्या चित्रावर टिचकी.

पिवळा चौकोन आला आणि टिकला. त्याच्याशेजारी दुसरा आला. मग तिसरा, मग एकदम पंधरा-वीस, एकावर एक, कोपऱ्यातून, वरून, मधून. बघता बघता सगळा पडदा सूर्यफुलाच्या शेतासारखा पिवळा झाला. द्वारकाबाई उभ्याच राहिल्या. पडद्याला बोट लावून त्या एकेक नाव वाचत होत्या, गावाहून घरच्यांची गाडी आल्यावर कोण कोण उतरलं ते बघावं तशा. मोजल्या तेव्हा चारशे बारा भरल्या.

निघायच्या आधी अंबिकानं सगळ्या चिठ्ठ्या छापून एक गठ्ठा करून दिला आणि दर शनिवारी फाईल कशी उचलून ठेवायची ते बाईंकडून दोनदा करून घेतलं. दुसऱ्या वेळी त्यांनी न चुकता केलं.

रविवारी सकाळी सूर्यभान आणि अंबिकाची आई बानाबाई कन्नडहून जीपनं आले. अंबिकानं त्यांना रात्रीच फोनवर सांगितलं होतं, पण आठ स्थळांचं सगळं सांगितलं नाही. आलेली माणसं पसंत नव्हती, म्हणून बाईंनी पुढं पाठवली नाहीत, एवढंच सांगितलं. सूर्यभाननं नवा फेटा बांधला होता आणि हॉलच्या दारात ते इतके अवघडून उभे होते की बानाबाईनं शेवटी त्यांना हाताला धरून आत नेलं. दोन वर्षं लेकीला विचारायचं सोडलं, ते तिला वाईट वाटू नये म्हणून, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी जीपमध्ये बायकोला सांगितलं.

हॉलमध्ये सत्तरेक घरं जमली होती. द्वारकाबाई गठ्ठा काखेत मारून रांगांमधून फिरत होत्या. सार्थकच्या आईला त्यांनी स्वयंपाकघराकडची व्यवस्था बघायला पाठवलं, आणि तो मुलगा अर्ध्या तासात प्रेरणाच्या धाकट्या बहिणीशी, सोनियाशी, इतकं बोलला की मामा लोक घड्याळ बघायला लागले. राजनंदिनीनं दोन मुलांना पुस्तकाचं विचारलं. एकानं एका लेखकाचं पुस्तक दुसऱ्याच लेखकाच्या नावावर खपवलं. दुसरा म्हणाला की शाळेनंतर एकही वाचलेलं नाही, तुम्ही एखादं सांगा. तिला तो आवडला.

अजिनाथ खिडकीजवळ बसला होता. सावळा, उंच. शर्टाची इस्त्री ताजी होती आणि चपला मात्र धुळीच्या. अंबिका जाऊन समोर बसली आणि तिनं आडवळण न घेता विचारलं की रोज रेल्वेनं जाण्याचं त्यानं मनापासून विचारलं होतं का नुसतं चांगलं दिसावं म्हणून.

बोलताना तो थोडा अडखळायचा, आणि अडखळला की थांबून शब्द नीट जुळवायचा. म्हणाला की मेंढरांना लस टोचायला तो रोज वीस-वीस किलोमीटर फिरतो. कळप आज इथं, उद्या तिथं. जायचं त्यालाच असतं, कारण त्याच्या हातात फक्त पिशवी असते.

"दुकान उचलून नेता येत नाय," तो म्हणाला. "पिशवी नेता येती. म्हणून मी विचारलं."

अंबिकानं सांगितलं की लहानपणी ती रोज संध्याकाळी मेंढरांच्या वाड्यात शिरणारी कोकरं मोजायची, आणि एक कमी भरलं की जेवायची नाही. त्यानं विचारलं, की मग सापडायचं का? ती म्हणाली, बहुतेकदा सापडायचं, आणि एकदा नाही सापडलं ते अजून आठवतं. यावरून पावसाळ्यात खुरं सडण्याचा विषय निघाला, आणि त्यावरून सूर्यभान उठून जवळ आले, कारण त्यांच्या कळपात तोच त्रास चालू होता. अजिनाथनं तीन-चार प्रश्न विचारले, खिशातल्या कागदावर औषध लिहून दिलं आणि पुढच्या आठवड्यात येऊन बघतो म्हणाला. बानाबाई लांबूनच हे बघत होत्या. त्यांनी शेजारच्या बाईला सांगितलं की मुलाचं बोलणं सावकाश आहे, पण ऐकणं चांगलं आहे.

तो खरंच आठवड्यानं वस्तीवर गेला. खुरं बरी झाली. त्यानंतर तो दोनदा मुकुंदवाडीला दुकानात आला आणि अंबिका एकदा लासूरला जाऊन त्याच्या घरची माणसं बघून आली. मग तिनं स्वतः वडिलांना फोन करून होकार सांगितला. सूर्यभाननं फोन ठेवला आणि आधी मेंढरं सोडली, मग गावात जाऊन पेढे आणले.

लग्न मार्गशीर्षात कन्नडला झालं. द्वारकाबाई आणि काकासाहेब दोघंही आले होते. कडुबानं सगळं लग्न फोनवर चित्रित केलं आणि ते काकासाहेबांना लगेच पाठवलं. त्यांनी ते हार्ड डिस्कवर ठेवलं.

दुकानामागच्या गल्लीत दोघांनी दोन खोल्या घेतल्या. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी अजिनाथची पॅसेंजर डोळ्यांदेखत निघून गेली. त्या दिवशी लासूरजवळच्या वाडीत अडीचशे मेंढरं लसीसाठी थांबवलेली होती. अंबिकानं दुकानावर दुपारी उघडेल अशी पाटी लावली, त्याला स्कूटीवर मागं बसवलं आणि लसीची पेटी त्याच्या मांडीवर दिली. रस्त्यावर खड्डे होते, गारठा होता, आणि ट्रॅक्टर पुढं आला की ती त्याच्या मागं धुरळा खात राहायची. वाडीवर पोचेपर्यंत दोघांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मेंढरं वाट बघत उभी होती. अजिनाथनं पेटी उघडली. अंबिकानं ओढणी कमरेला खोचली आणि एकेक मेंढरू धरून पुढं करायला लागली. वाडीतला म्हातारा धनी बघतच राहिला. शहरातल्या कॉम्प्युटरवालीला हे जमतंय कसं, असं त्यानं अजिनाथला विचारलं, पण अजिनाथच्या दातांत सुईचं टोपण धरलेलं होतं, त्यामुळे तो नुसता हसला.